श्रावण पाळणाऱ्यांच्या घरच्यांसाठी

गटारी आठवड्यावर आली. व्हॉट्सॲपवर मेसेज फिरायला लागले आणि घराघरांत तेच वाक्य ऐकू यायला लागलं, "एकदा गटारी होऊ दे, मग श्रावणभर हात लावत नाही." या वाक्यावर भरवसा ठेवलेल्या बायकांचे फोन मला दरवर्षी श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात येतात. म्हणून यंदा आधीच लिहायला बसले. मी डॉक्टर नाही. माझे मिस्टर दारूच्या आजारातून बाहेर आले त्याला बरीच वर्षं झाली, आणि मी अल-ॲनॉनच्या मिटिंगला जाते. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्या घरच्यांची ती मिटिंग असते. खालचं सगळं मिस्टरांना वाचून दाखवलंय आणि त्यांच्या संमतीनेच टाकतेय.

श्रावण पाळता येतो म्हणजे व्यसन नाही, हा समज आमच्या सातारा भागात तरी फार खोल रुजलेला आहे. आमच्या घरातही होता. कुणी दारूबद्दल बोललं की सासूबाई म्हणायच्या, "माझं लेकरू श्रावणात थेंबाला शिवत नाही. व्यसनी माणसाला असं जमतं व्हय?" त्यांचं चुकत नव्हतं, त्यांना दिसत होतं तेच त्या सांगत होत्या. खरंच महिनाभर घरात बाटली यायची नाही. सोमवारचा उपास, शंकराला बेल, संध्याकाळी घरी वेळेवर. पण त्या महिन्यात घरात राहणाऱ्या माणसाला आणखी काय दिसायचं, ते कुणी विचारत नव्हतं. झोप नाही. पोरांच्या आवाजाने डोकं फिरायचं. चहावर चहा, त्यात साखर चार चमचे. बोलणं फिरून फिरून एकाच जागी यायचं, गणपती किती तारखेला, विसर्जन कधी, त्या दिवशी कोण कोण येणार. शरीरात दारू नव्हती, पण डोक्यात सकाळ-संध्याकाळ तीच होती. आणि विसर्जनाच्या रात्री महिन्याची कसर भरून निघायची.

व्यसन ओळखायचं ते थांबता येतं का यावरून नाही. थांबतात सगळेच, कधी पैसे संपले म्हणून, कधी कावीळ झाली म्हणून, कधी श्रावण आला म्हणून. पुन्हा सुरू झाल्यावर किती प्यायची हे हातात राहतं का आणि थांबलेल्या काळात मन कुठे असतं, ते बघायला हवं. श्रावण हा आमच्याकडे रोग नसल्याचा पुरावा ठरला, आणि त्या पुराव्याने उपचार कितीतरी वर्षं लांबले. तुमच्या घरात तसं होऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कृपा करून नीट वाचा.

जो माणूस रोज पितो, ज्याला सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला घोटभर लागते, त्याने अमावस्येच्या रात्री शेवटचा ग्लास घेऊन घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं आहे. दारू मेंदूला मंद करते. वर्षानुवर्षं रोज मिळत राहिली की मेंदू तिच्याशी जुळवून घ्यायला स्वतःला जास्त उत्तेजित ठेवतो. एका रात्रीत दारू काढली की ती उत्तेजना मोकळी सुटते. प्रतिपदेच्या सकाळी हात कापतात, घाम येतो, मळमळतं, छाती धडधडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तृतीया-चतुर्थीच्या सुमारास भास व्हायला लागू शकतात. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, दिवस-रात्रीचं भान जातं, ताप चढतो. डॉक्टर याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. प्रत्येकाला इतकं होतं असं नाही, पण कुणाला होईल हे घरी बसून कळत नाही.

आणि नेमका श्रावण असल्यामुळे घरचे काय समजतात? बाहेरचं काही लागलं, नाहीतर देवाचं काही चुकलं. आमच्या मिटिंगला येणाऱ्या एका ताईंच्या दिराला असेच भास व्हायला लागले तेव्हा त्याला आधी देवऋष्याकडे नेलं. अंगारा लावून परत आणलं, मग फिट आली, मग दवाखाना. तो वाचला, पण मधे जो दीड दिवस गेला त्याबद्दल बोलताना त्या ताई अजूनही मधेच गप्प होतात.

"गेल्या वर्षी सोडली तेव्हा काही झालं नव्हतं," असं फोनवर हमखास ऐकायला मिळतं. यात सुरक्षितता नाही. दारू अशी पुन्हा पुन्हा अचानक तोडली की दर खेपेला त्रास वाढत जाऊ शकतो, असं वैद्यकशास्त्र सांगतं. म्हणजे दरवर्षी श्रावण पाळणाऱ्या रोजच्या पिणाऱ्याला पुढचा श्रावण जास्त जड जाऊ शकतो. ज्याला आपण वार्षिक विश्रांती समजतो, त्यातून मेंदूला दरवर्षी एक धक्का बसत असतो.

म्हणून सोडायचीच असेल तर, आणि सोडायलाच हवी, मुहूर्ताच्या आधी डॉक्टरकडे जा. मानसोपचारतज्ज्ञ असेल तर उत्तम, नाहीतर जिल्हा रुग्णालय. रोज किती पितो ते खरं सांगा, लाजून निम्मं सांगू नका, कारण औषधाचा डोस त्यावर ठरतो. पूर्वी कधी फिट किंवा भास झाले असतील तर ते न विचारता सांगा. काही दिवस औषधं देऊन ती हळूहळू कमी करत आणतात, आणि सोबत थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व देतात. हे थायमिन लक्षात ठेवा. "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा" ही आपली सवय असते. पण पिऊन पिऊन जेवण तुटलेल्या माणसाला थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका.

याच दिवसांत "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिरातींना जोर येतो. जेवणात मिसळायची पावडर, चहातून द्यायचे थेंब. यातल्या कित्येक पुड्यांत काय असतं हे विकणारासुद्धा सांगत नाही. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे आणि काहींना त्याचा चांगला उपयोग होतो, पण ते माणसाला सांगून, त्याच्या होकाराने, तपासण्या करून द्यायचं असतं. ते चालू असताना दारू पोटात गेली तर तिचं शरीरात होणारं विघटन मध्येच अडतं आणि ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य साठतं. तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, हृदय कमकुवत असेल तर जीवावर बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरही जवळपास दोन आठवडे हा परिणाम राहू शकतो. ज्याला आपण गोळी खाल्ली हे ठाऊकच नाही, तो संध्याकाळी नेहमीसारखा बसणार. बहिणींनो, तुमची अगतिकता मला आतून ठाऊक आहे, तरी हे करू नका.

शपथांबद्दलही माझं मत झालं आहे. लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावणं मला आता बघवत नाही. बाप शपथ घेतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, त्या क्षणी त्याला मनापासून तसंच वाटत असतं. पण ओढ उठली की ती शपथ त्याला थांबवू शकत नाही. आणि मोडली की त्या लेकराला वाटतं, माझी किंमत नव्हती म्हणून बाबांनी मोडली. शपथ मोडते ती बापाच्या आजारामुळे आणि भार मात्र सातवीतल्या पोरीच्या मनावर राहतो.

माळ घालण्याचं मात्र मी वेगळं धरते. आपल्याकडे तुळशीची माळ घालून दारू सुटलेली माणसं गावोगाव आहेत, मी जवळून पाहिलेली आहेत. त्याला नुसती श्रद्धा म्हणून सोडून देऊ नये. माळ घातल्यावर दर पंधरा दिवसांनी एकादशी येते, भजनाला जावं लागतं, टाळ हातात येतो, शेजारी बसणारा विचारतो, "काय माउली, मागच्या वेळी दिसला नाहीत?" वर्षातून एकदा वारी. संध्याकाळचे जे दोन-तीन तास बैठकीत जायचे ते भरले जातात, आणि ओळखीची माणसंच बदलतात. म्हणजे माणूस एकट्याने काही पाळत नाही, त्याला सोबत मिळते. फक्त रोज पिणाऱ्याने माळ घालण्याआधी डॉक्टरला भेटावं, एवढंच माझं मागणं आहे. पांडुरंगाची त्याला हरकत नसेल.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेल्या मिटिंगा. त्यांची सुरुवातही अशा सोबतीतूनच झाली. 1935 साली अमेरिकेत अॅक्रन शहरात एक शेअर दलाल धंद्याच्या कामाने आला होता. दारू सोडून काही महिने झाले होते, काम फसलं, हॉटेलात एकटा होता आणि प्यायची ओढ अनावर झाली. तेव्हा त्याने दुसरा एखादा दारूने गांजलेला माणूस शोधला, बोलायला. सापडला तो गावातला एक सर्जन. दोघं बोलत बसले, आणि पुढे दोघंही शेवटपर्यंत दारूविना जगले. भारतात ही चळवळ 1957 मध्ये मुंबईत आली. आज आपल्याकडे मराठीतून मिटिंगा चालतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली मुक्तांगण सुरू केलं, त्यांनाही उपचारांइतकंच घरच्यांचं आणि नंतरच्या सोबतीचं महत्त्व कळलेलं होतं. तिथे पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. नवऱ्याच्या दारूत बायको किती आजारी पडते हे कुणीतरी ओळखलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कारण ते खरं आहे. तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं, घड्याळाकडे बघत दारात उभं राहणं, हे माझं वर्षानुवर्षांचं आयुष्य होतं. मिस्टरांची दारू बंद झाल्यावरही माझ्या सवयी चालूच राहिल्या. अल-ॲनॉनमध्ये पहिल्यांदा ऐकलं की हा आजार मी निर्माण केला नाही, तो माझ्या ताब्यात नाही आणि बरा करणंही माझ्या हातात नाही. त्या दिवशी मी घरी येऊन खूप रडले, हलकं वाटून.

श्रावण पाळणं आणि दारूविना राहणं यातला फरक मला मिस्टरांच्या वागण्यात दिसला. श्रावणाला शेवटची तारीख असते, आणि पाळणारा त्या तारखेकडे डोळे लावून असतो. मिटिंगमध्ये "फक्त आजचा दिवस" म्हणतात. त्याला शेवटची तारीख नाही, त्यामुळे वाटही बघायची नाही. आज प्यायची नाही, उद्याचं उद्या. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. घरात मात्र फरक पडतो. चिडचिड उतरते, झोप परत येते (याला महिने लागतात, घाबरू नका), आणि हळूहळू माणूस दारू सोडून दुसऱ्या गोष्टींबद्दल बोलायला लागतो. मिस्टरांनी कामावरून घरी यायचा रस्ता बदलला, परमिट रूमवरून जाणारा सोडला, लांबचा धरला. पगार पहिले काही महिने माझ्याकडे देत होते, मग मीच म्हटलं, आता तुमच्याजवळ ठेवा. भूक, राग, एकटेपण, थकवा या चारांपैकी काही वाढलं की ओढ उठते, हे त्यांना तिथे शिकवलं, म्हणून आमच्याकडे संध्याकाळी सहाला काहीतरी गरम खायला तयार असतं. अजूनही.

आणि कुणी पुन्हा प्यायलाच, तर त्याला स्लिप म्हणतात. ती होते, बऱ्याच जणांची होते. मधुमेहाच्या माणसाची साखर वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढत नाही, डॉक्टरकडे नेतो. इथेही परत न्यायचं.

दारूबंदी असावी की नसावी या वादात मी पडत नाही. वर्ध्यात, गडचिरोलीत आहे, चंद्रपुरात 2015 साली आली आणि 2021 मध्ये उठली. गावातल्या बायकांनी मतदान घेऊन बाटली आडवी केली, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण दुकान बंद झाल्यावर ज्याचे हात कापतात त्याला दवाखाना लागतोच. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात दिसलं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांतल्या जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतात. बाकीच्या 37 घरांत काय चालतं, ते मी फोनवर ऐकते.

ज्यांच्या मित्रमंडळात कुणी सोडलेला माणूस आहे, त्यांना एक विनंती. या आठवड्यात त्याला "नुसता बसायला ये, कोल्ड्रिंक घे" म्हणून बोलावू नका. त्याने नाही म्हटलं तर कारण विचारू नका. भेटायचंच असेल तर सकाळी चहाला भेटा.

घरात रोज पिणारा कुणी असेल आणि तो म्हणत असेल की अमावस्येनंतर सोडतो, तर त्याला नावं ठेवू नका. ती इच्छा खरी असते, तिला धरून आत्ताच डॉक्टरची वेळ घ्या. कुठे जावं कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठीची सरकारी हेल्पलाइन 14446 आहे, फोन फुकट लागतो. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, 14416 वर, मराठीत बोलता येतं. फिट आली, भास झाले, ताप चढला तर 108 लावा, सकाळची वाट बघू नका. आणि नुसतं कुणाशी बोलायचं असेल तर मला इनबॉक्समध्ये लिहा. नाव, गाव सांगायची गरज नाही. दुपारी तीननंतर मी मोकळी असते.