दुखतंय कुठं?

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला ३ ऑक्टोबर २०२४ ला. माझं दुखणं सुरू झालं त्यानंतर दोनेक महिन्यांनी. तेव्हा कळलं की इतक्या अभिजात भाषेत माझ्या दुखऱ्या जागेला चारचौघांत उच्चारता येईल असा एक धड शब्द नाही.

कंबर म्हणावं तर ती वीतभर वर. मांडी म्हणावं तर ती खाली. मधल्या प्रांताचे अस्सल मराठी शब्द एकतर शिवीच्या वाटेवर उभे, नाहीतर संस्कृत काव्यातल्या नायिकांसाठी राखून ठेवलेले. डोंबिवलीत राहणाऱ्या, विम्याच्या हपिसात खर्डेघाशी करणाऱ्या छप्पन्न वर्षांच्या गृहस्थाने ‘माझे नितंब दुखतात’ असं म्हटलं, तर समोरचा हळहळेल की दाराकडे सरकेल, सांगता येत नाही. ‘खुबा’ हा त्यातल्या त्यात सभ्य शब्द. पण मराठी घरात खुबा फक्त आजीला असतो, आणि तोसुद्धा ती बाथरूममध्ये पाय घसरून पडल्यावर. “माझा खुबा दुखतोय” असं मी म्हणालो, तेव्हा एक्याऐंशी वर्षांच्या आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिच्या कपाटातून काहीतरी न विचारता काढून घेतलंय.

दुखणं उघडकीला आलं ते घरच्या सत्यनारायणाला. मी आणि बायको पाटावर. पाच अध्यायांपैकी तीन बरे गेले. चौथ्यात डाव्या बाजूला कळ यायला लागली. साधुवाण्याची नौका बुडाली, व्रताच्या पुण्याईने परत वरही आली. मी मात्र वर येईना. शेवटी गुरुजींनी एका बाजूने आणि भाच्याने दुसऱ्या बाजूने धरून मला उभं केलं. प्रसादाला आलेल्या पस्तीस माणसांनी ते पाहिलं. त्यातल्या तीस जणांकडे उपाय होता. उरलेल्या पाचांकडे उपाय नव्हता, पण माझ्यापेक्षा मोठं दुखणं होतं.

चिपळूणच्या आत्याने निकाल देऊन टाकला. “उसण आहे. पायाळू माणसाकडून पाय लावून घे.” पायाळू म्हणजे जो जन्मताना डोक्याऐवजी पायाने आधी बाहेर आला तो. त्याच्या पायात उसण घालवायची शक्ती असते, असं आपल्याकडे पूर्वापार मानतात. (पायाळू माणसावर वीज पडते, असंही मानतात. म्हणजे एकंदर सौदा त्याच्या फारसा फायद्याचा नाही.) प्रश्न होता पायाळू शोधायचा. आत्या म्हणाली, “हल्ली मिळतात कुठं? मूल आडवंतिडवं दिसलं की लगेच सिझर करतात. पायाळू होऊच देत नाहीत मेले!”

तरी एक सापडला. आमच्याच मजल्यावरचा, नववीतला. त्याच्या आईने, म्हणजे शेजारच्या वहिनींनी, “अहो भावजी, आमचा आहे ना पायाळू!” असं इतक्या अभिमानाने सांगितलं, की दहावीला बोर्डात आला तरी यापेक्षा जास्त आनंद झाला नसता. मी सतरंजीवर पालथा पडलो. कार्ट्याला हळूच तीनदा पाय टेकवायला सांगितला होता. पहिले दोन त्याने टेकवले. तिसऱ्याच्या वेळी त्याला बहुधा आठवलं, की गेल्या मे महिन्यात त्याचा क्रिकेटचा चेंडू मी जप्त केला होता.

दोन दिवसांनी, उसण होती तिथेच आणि शेजारी नवा काळानिळा डाग, अशा अवस्थेत मी फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. बाहेर बसणाऱ्या मुलीने विचारलं, “काय होतंय?” मी म्हणालो, “कंबर.” आत डॉक्टरांनी विचारलं, “कुठं दुखतंय?” इथे तरी खरं बोलावं म्हणून हिंमत करून म्हणालो, “खुबा.” त्यांनी मला उताणं झोपवून पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलला. कळ गुडघ्याखाली विजेसारखी उतरते का? नाही. मग गुडघा वाकवून पाय आतबाहेर फिरवला. जांघेत दुखतं का? नाही.

“मग तुमचा खुबा उत्तम आहे,” डॉक्टर म्हणाले. “खुब्याचा सांधा बिघडला की बहुतेक वेळा पुढे, जांघेत दुखतं. मागे दुखतं ते साधारणपणे कमरेच्या मणक्यांकडून येतं, नाहीतर तिथल्या स्नायूंकडून.”

इतक्या कष्टाने एक सभ्य शब्द मिळवला होता, तोही गेला. एक्स-रे नॉर्मल आला. पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. पाय बधिर झाला, ताप आला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर क्षणभर न थांबता या, अशी तंबी मिळाली. आणि मग ते म्हणाले, “झोपून राहू नका, चालत राहा. काही आठवड्यांत बहुतेकांचं आपोआप उतरतं.”

‘आपोआप’ हा शब्द डॉक्टरांनी रुग्णासमोर उच्चारू नये. आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्यावर आमच्या घराण्यात कोणाचा विश्वास नाही. दुखणं कोणीतरी बरं करावं लागतं, आणि त्याचे पैसे घ्यावे लागतात.

ही उणीव मेव्हण्याने भरून काढली. तो मला ठाण्यातल्या एका ‘समग्र आरोग्य केंद्रा’त घेऊन गेला. समग्र म्हणजे काय, ते दारातच कळलं: चपला काढायच्या, मोबाइल बंद करायचा आणि चार पानी फॉर्म भरायचा. दुखरी जागा सांगायची लाज इथे नव्हती. फॉर्मवर माणसाची आकृती होती, तिच्यावर फुली मारायची. मी जन्मात इतकी मनापासून फुली मारली नसेल.

पहिल्या खोलीत एक शांत बाई होत्या. त्या माझ्या फुलीकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही इथे राग साठवून ठेवलाय.” मी म्हणालो, “एवढ्याशा जागेत?” त्यांनी डोळे मिटून ज्यांच्यावर राग आहे त्यांची आठवण करायला सांगितली. पितळेची वाटी घुमत होती. मी मध्य रेल्वेपासून सुरुवात केली आणि हपिसातल्या साहेबांपर्यंत पोचेतो वेळ संपली. मेव्हणा राहूनच गेला. घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, “अहो, राग तिथे साठला असता तर बरं नव्हतं का? तुमचा तर सगळा जिभेवर असतो.”

दुसऱ्या खोलीत वैद्य. त्यांनी ‘गृध्रसी’ असं निदान केलं. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी गिधाडासारखा लंगडत चालतो म्हणून हे नाव. मग कटिबस्ती. उडदाचं पीठ मळून कमरेवर त्याची गोल पाळ बांधतात आणि आत कोमट तेल ओततात. निवलं की काढून पुन्हा गरम घालतात. अर्धा तास पालथं पडायचं. खरं सांगतो, या सगळ्या प्रवासात इतकं सुख दुसरं कशात मिळालं नाही. मधोमध भोक, भोवती उडीद, त्यात तेल. मेदूवड्याला कढईत काय वाटत असेल याचा मला अंदाज आला. ते काही वाईट नसतं.

आणि तिसऱ्या खोलीत कायरोप्रॅक्टर.

हा तिशीचा दणकट मुलगा. भिंतीवर दाढीवाल्या साहेबाचा फोटो. हे डी. डी. पामर. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट गावी चुंबकीय शक्तीने रोग बरे करतो म्हणायचे. १८९५ साली त्यांनी इमारतीच्या एका बहिऱ्या झाडूवाल्याच्या पाठीचा मणका दाबला, आणि म्हणे त्याला ऐकू यायला लागलं. तिथून हे शास्त्र निघालं. (कानाची नस मेंदूतून सरळ कानात जाते, पाठीच्या रस्त्याला ती लागतच नाही, हे आमच्या डॉक्टरांनी मागाहून सांगितलं.) कायरो म्हणजे ग्रीक भाषेत हात, हाताने करायचं ते कायरोप्रॅक्टिक. मला आत्या आठवली. साहेबाने हाताने केलं त्याचं शास्त्र झालं, आम्ही पायाने केलं त्याची अंधश्रद्धा झाली.

त्याने मला झोपवून दोन्ही टाचा जुळवल्या. “सर, तुमचा डावा पाय बारा मिलिमीटर आखूड आहे.” मला धक्काच बसला. तीस वर्षं एकाच शिंप्याकडे पँटी शिवतोय, त्या माणसाने कधी अवाक्षर काढलं नाही.

मग त्याने मला उजव्या कुशीवर वळवलं. डावा गुडघा पोटाशी, डावा खांदा मागे. पोटातलं बाळ आणि पिळलेला टॉवेल यांच्या मधली अवस्था. मग तो स्वतः माझ्यावर ओणवा झाला, इतका, की त्याने सकाळी पोह्यांवर कांदा घेतला होता हे मला कळलं. ज्या जागेला शब्द नाही तिथे त्याने कोपराखालचा हात रोवला आणि म्हणाला, “रिलॅक्स, सर.” छप्पन्न वर्षांत इतक्या जवळून मला कोणी रिलॅक्स व्हायला सांगितलेलं नव्हतं. “श्वास घ्या... सोडा...” मी सोडला आणि त्या क्षणी—

कडाड!

बाहेर बसलेल्या मेव्हण्याला ऐकू गेलं. मला वाटलं, आता घरच्यांना कळवावं लागणार. पण दुखलं नाही. उलट आतून दार उघडल्यासारखं मोकळं वाटलं. “बसलं जागेवर,” तो म्हणाला. टाचा जुळवल्या, पाय सारखे! मग त्याचे हात मानेकडे वळले. मी उठून बसलो. कमरेला आलेल्या माणसाची मान कशाला? वरच्या मजल्याची काही तक्रार नव्हती. मान झटक्याने फिरवताना क्वचित रक्तवाहिनीला इजा होते, हे मी कुठेतरी वाचलं होतं. त्या बाबतीत मी ‘क्वचित’ हा शब्द ऐकूनच गार होतो.

त्या ‘कडाड’विषयी पुढे बरंच वाचलं. त्यात हाड कुठून निघून कुठे बसत नाही. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटकन ताणला की त्यात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोट ओढत असताना त्याचा एमआरआय काढून ही पोकळी होताना पाहिली. आणि डोनाल्ड उंगर नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरांनी, ‘बोटं मोडू नकोस, संधिवात होईल’ असं आईने बजावलं म्हणून, साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि उजव्याची मोडली नाहीत. दोन्ही हात सारखेच राहिले. त्यांना २००९ साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं बक्षीस, मिळालं. आपल्याकडे शेजारीण भांडणात कडाकडा बोटं मोडते आणि आजी लाडाने कानशिलावर मोडते. दोघींपैकी कोणालाच काही मिळत नाही.

बारा शनिवारांचं पॅकेज घेतलं. आकडा सांगत नाही. बायको हे वाचणार आहे. पण गुण येत होता, हे मान्य करायला हवं. शनिवारी कडाड, रविवारी मी टुणटुणीत. रविवारी मी बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढायचो. सोमवारी संध्याकाळपासून पुन्हा कुरकुर, शुक्रवारपर्यंत गिधाड. शनिवारी कडाड. कायरोप्रॅक्टिकचा मी इतका प्रचार केला, की बिल्डिंगमधले तिघे जाऊन आले.

घोळ झाला तो मे महिन्यात. दहा दिवस गावाला गेलो. ना कडाड, ना तेल, ना वाटी. आणि दुखणं गायब! फणस उतरवला, विहिरीचं पाणी काढलं, काही नाही. परत आलो, सोमवारी कामावर गेलो, आणि संध्याकाळी परतताना दिवा स्टेशनच्या आसपास ती जुनी कळ.

हे सगळं मुलीच्या मैत्रिणीला सांगितलं. ती फिजिओथेरपिस्ट. शेंबडी असल्यापासून आमच्याकडे येते, त्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवायला जरा वेळ लागला. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, “काका, ऑफिसला जाता कसे?”

“लोकलने. २२ वर्षं.”

“बसायला मिळतं?”

“चौथी सीट,” मी जरा अभिमानानेच सांगितलं. डोंबिवलीहून सकाळच्या फास्टला चौथी सीट मिळणं ही काही साधी गोष्ट नाही. त्यासाठी ग्रुप लागतो, आणि ग्रुपमध्ये पत लागते.

“बसून दाखवा.”

मी तिच्या बाकाच्या टोकाला बसलो. जसा रोज बसतो तसा. तिघांसाठीच्या बाकावर चौथ्याला मिळते ती चार बोटं जागा. डावी बाजू बाकावर, उजवी अधांतरी. उजवा पाय पॅसेजमध्ये टेकून तोल सांभाळायचा, मांडीवर बॅग, आणि कोणी दाराकडे निघाला की सगळं अंग डावीकडे दाबायचं. जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हसायला लागली, आणि पेशंटला हसू नये हे आठवून थांबली.

“काका, बावीस वर्षं एकाच बाजूवर बसताय!”

मग तिने चित्र काढून दाखवलं. तिथे पिरिफॉर्मिस नावाचा छोटा स्नायू असतो, त्याच्या खालून अंगठ्याएवढी जाड सायटिक नस जाते. अंगातली सर्वांत जाड नस. त्या स्नायूला रोज अडीच तास बाकाच्या कडेवर चेपलं तर तो कुरकुरणारच. शनिवारी-रविवारी रेल्वेत नाही, म्हणून रविवारी बरा. कडाड होवो, न होवो. तिने दोन व्यायाम दिले: उताणं पडून एका पायाची घडी दुसऱ्या गुडघ्यावर, इंग्रजी चारच्या आकड्यासारखी, आणि सेतुबंध. शिवाय उभं राहून जायचं, नाहीतर निदान बाजू बदलायची.

बाजू बदलायची म्हणजे समोरच्या बाकावरची चौथी सीट घ्यायची. तिथे उजवी बाजू बाकावर येते. पण ती पोस्टातल्या काकांची. १९ वर्षं त्यांचीच. ग्रुपमध्ये असल्या गोष्टी मागत नाहीत. दोन आठवडे मी उभ्यानेच गेलो. ते दर स्टेशनला माझ्याकडे संशयाने पाहायचे.

काल ठाणं आलं तेव्हा दाराकडे निघालेल्या गर्दीला वाट द्यायला काका उठले आणि उठताना त्यांचा हात नकळत मागे गेला. उजवीकडे. मी विचारलं, “दुखतं का?” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, “कंबर.”

मी त्यांच्या जागेवर बसलो, ते माझ्या. मुलुंड मागे पडेपर्यंत दोघंही काही बोललो नाही.