तुकडे का लावले? साताऱ्याच्या साहेबांना उत्तर

मागच्या लेखात जिन्यावरच्या आणि माळ्याच्या पोटातल्या अडचणीच्या सीलिंगला जिप्सम बोर्ड कसा चढवायचा ते लिहिलं होतं. त्यावर साताऱ्याहून एका साहेबांची खरमरीत प्रतिक्रिया आली. ती अशी: "अख्खा सहा बाय चारचा बोर्ड सोडून तुकडे जोडायला सांगणं म्हणजे मिस्त्रीच्या आळसाला पाठिंबा देणं. जेवढे सांधे तेवढ्या भेगा. आणि 'एकट्याने जमतं' असं लिहून तुम्ही कुणाचा तरी खांदा निखळवणार." जाता जाता त्यांनी स्वतःच्या बाथरूमची अडचणही विचारली आहे. बीम आणि वरच्या मजल्याचा ड्रेनेज पाइप यांच्यात जेमतेम ११ इंचांचा बोळ आहे, तिथे बोर्ड कसा बसवायचा?

साहेब, खांद्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. १२.५ मिलिमीटर जाडीचा ६ बाय ४ चा बोर्ड १८ ते २० किलो भरतो. तो डोक्यावर तोलून दुसऱ्या हाताने स्क्रू मारणारा माणूस मी सर्कशीतही पाहिलेला नाही. मला म्हणायचं होतं दीड-दोन फुटांच्या तुकड्याबद्दल, आणि तोही टेकू लावून. टेकू म्हणजे सीलिंगच्या उंचीपेक्षा अर्धा इंच लांब पट्टी, तिच्या टोकाला आडवी फळी ठोकलेली. तुकडा वर नेला की टेकू खाली सरकवून आवळायचा आणि मग दोन्ही हात मोकळे. लेखातली ती ओळ मी काल रात्रीच काढली. जिन्यात पायऱ्यांवर शिडी टेकवू नका, फळ्यांची परांची बांधा, हेही लिहायचं राहिलं होतं, ते घातलं.

सांध्यांचं मात्र मला पटत नाही. सांध्याला भेग पडते ती सांधा आहे म्हणून नाही, तर सांध्याच्या पाठीमागे काही नाही म्हणून. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. विश्रामबागेतल्या एका घरी जिन्याच्या माथ्यावर मी स्वतः तीन तुकडे लावले होते, एका तुकड्याची कापलेली कड दोन सेक्शनच्या, म्हणजे बोर्ड ज्यांना स्क्रूने पकडतात त्या पत्र्याच्या पट्ट्यांच्या, मधोमध अधांतरी ठेवून. वर टेप, वर जॉइंट कंपाऊंड म्हणजे सांधा भरायचा लेप, रंग झक्क. चार महिन्यांनी घरच्या आजींनी बोलावून घेतलं आणि काही न बोलता काठीने वर बोट दाखवावं तशी ती रेघ दाखवली. पदरमोड करून पुन्हा केलं.

तेव्हापासून तुकडा कापताना मी आधी सेक्शन मोजतो. सेक्शन दीड-दीड फुटावर असतात, म्हणून सहा फुटी बोर्डाची टोकं बरोबर सेक्शनवर येतात. तुकडाही दीड फुटाच्या पटीत कापला तर त्याची टोकं आपोआप सेक्शनवर बसतात. सेक्शनचा तळ साधारण दोन इंच रुंद, म्हणजे दोन्ही तुकड्यांना एकेक इंच मिळतो, घाई न करता स्क्रू मारला तर पुरतो. जिथे मापच तसं येत नाही तिथे सेक्शनचाच एक तुकडा पाठीमागे आडवा घालायचा, अर्धा पहिल्या बोर्डाच्या पाठीवर, अर्धा बाहेर. पहिला बोर्ड त्याला आधी स्क्रूने पकडायचा, मग दुसरा. अरुंद जागेत सगळा खेळ हाच आहे, आधार आधी, बोर्ड नंतर. एकदा बोर्ड वर गेला की पाठीमागे हात जात नाही.

आणि साहेब, तुकड्यांवर खरी टीका करायचीच होती तर दुसरी होती, ती तुमच्या नजरेतून सुटली. बोर्डाला लांबीच्या दिशेने जास्त ताकद असते, म्हणून बोर्डाची लांबी सेक्शनला आडवी जायला हवी. कापाकापीत उरलेला चौकोनी तुकडा वाया जाऊ नये म्हणून मिस्त्री फिरवून लावतात आणि तो तुकडा पोट काढतो, म्हणजे मध्ये खाली झुकतो. मी आता बोर्डाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने बाण काढतो आणि मगच कापतो. तुमचा आळसाचा आरोप इथे मात्र चपखल बसतो.

कापलेल्या कडेचंही लेखात अर्धवट होतं. बोर्डाच्या लांब कडा कारखान्यातून कागदात गुंडाळलेल्या आणि थोड्या उतरत्या येतात, म्हणून तिथे टेप आणि कंपाऊंड खोलगट भागात बसतं. कापलेल्या कडेला तो उतार नाही. तिथे कटर तिरका धरून कड किंचित छिलायची, धूळ पुसायची, आणि कंपाऊंड दोन्ही बाजूंना हातभर नाही तरी वीतभर पसरून उतरवायचं. नाहीतर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उंचवटा दिसतो, भेग नसली तरी.

स्क्रूचं तर अडचणीच्या जागेत हमखास होतं. मशीन आत मावत नाही म्हणून लांब बिट लावून माणूस तिरका मारतो. डोकं एका बाजूने कागद फाडून आत घुसतं, दुसऱ्या बाजूने वर राहतं. कागद फाटला की पकड गेली, मागे नुसता भुसभुशीत जिप्सम. त्यापेक्षा बोर्ड वर जाण्याआधी सेक्शनला लहान बिटाने भोकं पाडून ठेवायची, त्यांची खूण भिंतीवर घ्यायची, आणि मग बोर्डावर तेवढ्याच जागी आखूड पेचकसाने हाताने स्क्रू आवळायचा. वेळ जातो, हात भरून येतो, पण डोकं कागदाच्या किंचित आत, सपाट बसतं. नव्वद अंशात वळणारी मशीनची जोडणीही मिळते, माझ्याकडे आहे, पण गावभागातल्या एका जुन्या वाड्यात तुळई आणि भिंतीच्या मध्ये तीही अडली होती.

शेवटचा बंद करायचा तुकडा धरायचा कसा, हेही लोक विचारतात. तुकड्याच्या मधोमध दोन इंची स्क्रू अर्धा फिरवायचा, तोच मुठीसारखा धरायचा. काम झाल्यावर काढून भोक भरायचं.

आता तुमचं बाथरूम. अकरा इंचांचा बोळ, वरून ड्रेनेज पाइप, आणि तुम्हाला तिथे अख्खा बोर्ड हवा. साहेब, तिथे बोर्ड लावूच नका. बीमच्या कडेला सेक्शन घ्या, उरलेल्या जागेला उघडता येणारं ट्रॅपडोअर लावा. बोर्ड बाकी भागात लागेलच, तो हिरवा ओलसर जागेचा घ्या. पण हिरवा बोर्ड ओल सहन करतो, गळती नव्हे. पाइपचा सांधा एक दिवस ठिबकणार, आणि त्या दिवशी प्लंबरला आत हात घालता आला पाहिजे. ट्रॅपडोअर किमान दीड फूट लांब ठेवा, पाइपचा सांधा नेमका कुठे आहे ते मोजून त्याच्या खालीच यायला हवं. माप कळवा, चौकटीची काटछाट मी सांगतो.