ड्रायव्हर बसला आणि उठवला गेला

मुलाच्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी कुंडीला आपोआप पाणी घालणारं यंत्र करायचं होतं. आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाची स्वस्तातली नक्कल आणून लॅपटॉपला जोडली. बोर्डावरचा दिवा लागला. दिवा लागला म्हणजे चालू झालं, असं आमच्या घरात सगळे मानतात. लॅपटॉप चालवणारा लिनक्स मानत नाही. बोर्डाशी बोलायला त्याच्याकडून टीटीवाययूएसबी० नावाचं पोर्ट मिळायला हवं होतं, ते मिळेना.

"जावईबापू, बंद करून चालू करून बघा की," सासरे पेपरातून म्हणाले. फ्रिजपासून मोडेमपर्यंत त्यांचा हा एकच काढा.

केबलवर संशय घ्यावा, तर जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या एलएसयूएसबी कमांडमध्ये उपकरण क्रमांकासकट दिसत होतं: १ए८६:७५२३. म्हणजे केबल निव्वळ चार्जिंगची नव्हती. प्रत्येक ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, आपण कुठले क्रमांक सांभाळतो याची यादी कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, देऊन ठेवतो. क्रमांक जुळला की कर्नेल त्या ड्रायव्हरचं 'प्रोब', म्हणजे उपकरण ताब्यात घेणारं फंक्शन, बोलावतो. बोर्डावरची यूएसबीची चिप सीएच३४०, ड्रायव्हर सीएच३४१. एका आकड्याचं कोणी मनावर घेत नाही. जुळत तर सगळं होतं!

शेवटी डीमेसेज, म्हणजे कर्नेलची नोंदवही, उघडला. कन्व्हर्टर (म्हणजे तीच चिप) सापडला, टीटीवाययूएसबी० ला जोडला, आणि लगेच खाली: इंटरफेस ० सीएच३४१ कडे असताना 'बीआरएलटीटीवाय' कॉन्फिग बदलतोय. त्याखाली: कन्व्हर्टर सुटला. एसटीत आपण टेकतो न टेकतो तोच "उठा, रुमाल टाकलाय" म्हणत कोणी यावं, तसं.

हे रुमालवाले म्हणजे १९९५ पासूनचा एक सज्जन प्रोग्रॅम. अंधांसाठीचे ब्रेल डिस्प्ले चालवतो. त्यातल्या एका डिस्प्लेत हीच चिप, हाच क्रमांक. त्यामुळे माझी कुंडी त्याला ब्रेल वाटली. उबुंटू २२.०४ आल्यावर जगभर कित्येकांच्या बोर्डांचं असंच झालं. बरं, चिडायचं कोणावर? ज्याला ब्रेल लागतं त्याला लॅपटॉप सुरू होताच डिस्प्ले चालू हवा; तो काय आधी टर्मिनल उघडून सेटिंग करणार?

आमच्या घरात ब्रेल डिस्प्ले नाही, म्हणून कुठलं उपकरण लागलं की काय करायचं ते ठरवणाऱ्या यूडेव्हच्या नियमांतली त्या क्रमांकाची ओळ तेवढी बंद केली. बोर्ड काढून परत लावला. पोर्ट आलं! प्रोग्रॅम चढवायला गेलो, तर "परवानगी नाही." त्यासाठी 'डायलआउट' गटात नाव लागतं, फोनवरून मोडेम फिरवायचे त्या काळातलं हे नाव. गटात नाव घातलं. तरी नाही. मग कळलं, लॉग आउट करून परत आत आल्याशिवाय सदस्यत्व लागू होत नाही.

"बंद करून चालू केलंत का?" सासऱ्यांनी पान उलटलं.

"करतोय," म्हणालो.