गाडी कुठं लावू, जिभाऊ?

भाड्याचं घर सोडून व्हॅनमध्ये राहायला निघालात? अभिनंदन. आत गादी आहे, बेसिन आहे, टपावर सोलर आहे. आता दिवसभर तुम्ही राजे. फक्त दिवेलागणीला ‘आज गाडी कुठं लावायची?’ एवढा एकच प्रश्न, आणि तो रोजचा. सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. त्याची प्रत काढा आणि पुढच्या काचेला लावा. जळगावच्या उन्हात आडोसा होतो.

सुरुवात सुरत-नागपूर महामार्गावरच्या ढाब्यापासून करा. ढाबेवाला नाही म्हणत नाही, शेवभाजी खायची एवढीच अट. तर्री भरपूर घ्या. रात्री अडीचला लक्षात येईल की गाडीतला प्लॅस्टिकचा संडास आणि बायकोची उशी यांत वीतभर अंतर आहे. सुरक्षित म्हणून ट्रकच्या रांगेत मधोमध घुसा. पहाटे चारला मागचा केळीवाला ट्रक निघेल तेव्हा अख्ख्या ढाब्याला ‘हा पांढरा डबा कुणाचा?’ हे कळलेलं असेल.

ढाबा नको? रस्त्याकडेला लावा. मध्यरात्री काचेवर काठी वाजली की ‘आम्ही इथंच राहतो’ असं खरं बोलू नका. खरं बोलणाऱ्याचं आधारकार्ड दोनदा तपासतात. ‘साहेब, गाडी गरम झाली’ म्हणा. मे महिन्यात खानदेशात यावर कुणीही विश्वास ठेवतं.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा गाठा. घोड्यांच्या बाजारात तुमच्या गाडीकडं कोण बघतंय? तरी एखादा येतोच, खिडकीला नाक लावतो आणि अहिराणीत विचारतो, “घोडा मझार (आत) शे का?” नाही म्हणालात तर त्याचा चेहरा पडतो. एवढी मोठी गाडी आणि नुसती माणसंच!

एकांत हवा असेल तर तापीकाठचं एखादं गाव निवडा. हँडब्रेक ओढेपर्यंत पोरं, म्हातारे आणि एक शेळी जमते. “कथाईन उनात?” म्हणजे कुठून आलात, याचं उत्तर सोपं आहे. “तुमले घर नही शे का?” याचं पाठ करून ठेवा. मिनिमलिझम वगैरे शब्द काढलेत तर लोक गप्प होतील आणि घरातून कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणतील. त्यांच्या लेखी तुमचं दिवाळं निघालेलं असतं.

मग तिथलाच एखादा जिभाऊ (आपला दादा) म्हणेल, “गाडी आमना खळामा लावा.” लावा. दोन्ही पंखे सुरू करा, जाळी ओढा, घामानं निथळत पडा. अकराच्या सुमाराला पत्र्यावर थाप पडेल. “लोखंडना डबामा मानूस झोपस का? चाला वर.”

वर गच्चीवर पाणी मारलेलं असतं. खाटा टाकलेल्या असतात, उशाशी तांब्या असतो. हप्ते फेडून घेतलेली तुमची गाडी खाली खळ्यात दिसते. तिच्या टपावर, सोलर पॅनलवर, यजमानीणबाईंनी उद्या वाळवायच्या कुरडयांची जागा आत्ताच हेरून ठेवलेली असते.