ताडपत्री बांधली म्हणे!
वाशिमातून सोयाबीनची गाडी भरली का पाऊस येतेच बाप्पा, अन् ड्रायव्हर म्हणते ताडपत्री बांधली ना भाऊ, टेन्शन नको घेऊ. काहून नको घेऊ? दोन ताडपत्र्या जोडल्या त समोरची मागच्यावर यायला पाहिजे, या ड्रायव्हर लोकायची नेहमी उलटी, मंग गाडी पळाली का हवा थेट जोडात घुसते अन् पाणी तिच्यासंगं. मधात झोळ पडून तळं साचते ते येगळंच, शिवणीशिवणीतून ठिपकते पोत्यावर. फाळक्याजवळची (गाडीच्या उघडणाऱ्या फळीजवळची) कडी तुटली त तिथं सुतळी! सुतळी!! मार्केटात मॉइश्चर, म्हंजे दाण्यातला ओलावा, 12 टक्क्याच्या वर दिसलं का व्यापारी लगेच भाव पाडते. भाड्यातून कापा म्हटलं त गाडीवाला फोनच उचलत नाही, अन् चहापाण्याचे पैसे मात्र आधीच पाहिजे.