सूनबाईंचे ग्रहण: एक मार्गदर्शन

सूनबाईंना दिवस गेल्याचे कळताच घरात प्रथम पंचांग आणावे. गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास बाळाच्या मेंदूचे व कण्याचे काही दोष टळू शकतात, असे डॉक्टर सांगतात. पण ती गोळी रोज आठवणीने द्यावी लागते, ग्रहणाची काळजी मात्र एका दिवसात उरकते.

नमुन्यादाखल ७ सप्टेंबर २०२५ चे खग्रास चंद्रग्रहण घेऊ. स्पर्श रात्री ९.५७ चा, मोक्ष १.२७ चा. वेध दुपारपासूनच लागले होते, परंतु गर्भवतींनी ते सायंकाळी सव्वापाचपासून पाळावेत, अशी सवलत पंचांगाने दिली होती. ती सवलत पुरेशी समजावी. पर्वकाळाच्या साडेतीन तासांत तिने पाणी पिऊ नये, झोपू नये आणि लघवीलाही जाऊ नये. आठव्या महिन्यात बाळाचा भार मूत्राशयावर येतो आणि तासातासाला उठावे लागते, हे राहूला कोणी कळवले नसावे. ग्रहण पृथ्वीच्या सावलीमुळे लागते, हे आर्यभटाने पंधराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले खरे, पण त्याच्या घरी गरोदर सून होती की नाही, याची नोंद नाही.

विळी, सुरी, कात्री आणि सुई आधीच माळ्यावर टाकावी, कारण आईने काही चिरले की बाळाचा ओठ फाटतो. वरचा ओठ जुळण्याचे काम गर्भाच्या सातव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे पेढे वाटण्याच्याही आधी, आटोपलेले असते. मग जुळलेला ओठ आठव्या महिन्यातल्या काकडीने कसा उसवतो, असे सूनबाईंनी विचारल्यास त्यांच्या माहेरच्या वळणाचा विषय काढावा. बाळाच्या वडिलांनी मात्र त्याच वेळी खुशाल दाढी करावी. त्यांच्या ब्लेडला ग्रहण लागत नाही.

जे ग्रहण आपल्या गावातून दिसत नाही, ते पाळायचे नसते, इतका समजूतदारपणा ग्रहणाच्या अंगी आहे. सूनबाई न्यू जर्सीत असल्यास नियम तिथला लागतो. ८ एप्रिल २०२४ चे सूर्यग्रहण तिथे भरदुपारी, म्हणजे आपल्या मध्यरात्री होते. अशा वेळी सासूबाईंनी व्हिडिओ कॉल चालू ठेवून जागरण करावे आणि सूनबाई दिसेनाशा झाल्या की त्या बाथरूमकडे गेल्या नाहीत ना, याची खात्री करून घ्यावी.

मोक्ष होताच रात्री दीड वाजता सूनबाईंना अंघोळीला पाठवावे, तुळशीपत्र घातलेले दूध त्यांच्याकडूनच तापवून घ्यावे आणि सकाळी सहाला माळ्यावरची विळी उतरवून, डब्याच्या भाजीसाठी, पुन्हा त्यांच्याच पुढ्यात ठेवावी.