‘नुसते बोल्ट फिरवायचे पैसे’: हेराल्डच्या दारांबद्दलच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या जुन्या हेराल्ड गाडीच्या कामाबद्दलचा रिव्ह्यू वाचला. दोन तारे दिलेत, तेही रंगासाठी. तक्रारी चार आहेत. ड्रायव्हरच्या दाराची मागची फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसते, दार आपटल्याशिवाय लागत नाही, गाडी ठरल्या वेळेत मिळाली नाही, आणि बिलात ‘दारं व बॉनेट सेटिंग’ म्हणून जी मजुरी लावली ते ‘नुसते बोल्ट फिरवायचे पैसे’ आहेत. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने हेच काम बिजागरीमागे वॉशर टाकून अर्ध्या दिवसात करून देतो म्हटलं, असंही तुम्ही लिहिलंय. उत्तर जरा लांबेल. जुनी गाडी घेऊन आमच्याकडे येणारे बरेच जण रिव्ह्यू वाचूनच येतात, त्यांनाही हे कळलेलं बरं.

आधी तुम्ही टाकलेला फोटो बघू. त्यात गाडी त्या गॅरेजच्या लिफ्टवर आहे आणि चारही चाकं लोंबतायत. हेराल्डची फट अशा वेळी मोजायचीच नसते. लिफ्टचे हात मधे, इंजिनाचं वजन पुढे अधांतरी. चॅसीचं, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचं, नाक खाली जातं, त्याबरोबर दाराचा पुढचा खांब पुढे कलतो आणि दाराच्या मागची फट वर उघडते. फोटोत तेच दिसतंय. गाडी सपाट फरशीवर, स्वतःच्या चाकांवर, काचा आणि सीट बसवलेल्या असताना मोजा. डिलिव्हरीच्या दिवशी आपण ५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटचा दांडा फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवला होता. तुमच्या हातानेच फिरवला. खालच्या कोपऱ्यात तो किंचित घट्ट जात होता, तेही तेव्हाच दाखवलं होतं.

आता बोल्टांबद्दल. हेराल्डचं वैशिष्ट्यच हे की सगळी गाडी बोल्टांवर आहे. १९५३ मध्ये फिशर अँड लडलो ही बॉडी बनवणारी इंग्लंडमधली कंपनी बीएमसीने (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, प्रतिस्पर्धी मोटार कंपनी) विकत घेतली आणि हेराल्ड बनवणाऱ्या स्टँडर्ड-ट्रायम्फची पंचाईत झाली. अख्खी बॉडी एका ठिकाणी दाबून देणारा कोणी उरला नाही. म्हणून १९५९ साली आलेली हेराल्ड तुकड्यांची निघाली: वेगळी चॅसी, तिच्यावर पुढचा टब, मागचा टब (टब म्हणजे बॉडीचा खालचा पेटीसारखा भाग), वर बोल्टने बसणारं छप्पर, आणि दोन्ही मडगार्डांसकट पुढे उलटणारं ते प्रचंड बॉनेट. मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरने रेषा इतक्या सुंदर काढल्या की हे जोडकाम पटकन लक्षात येत नाही. १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने बनवल्या त्याही याच पद्धतीच्या.

याचा अर्थ असा की फियाट किंवा अँबेसिडरमध्ये दाराची चौकट कारखान्यात वेल्डिंगने पक्की होऊन येते, हेराल्डमध्ये ती आपण जुळवायची असते. दाराच्या बिजागऱ्या पुढच्या टबावर, लॉक मागच्या टबाकडे, आणि दोन्ही टब चॅसीच्या आऊटरिगरवर, म्हणजे मधल्या कण्यातून बाजूला निघालेल्या हातांवर. घराचा पाया खचला की दारं अडकायला लागतात, तेव्हा सुतार बोलावून काय होणार? इथेही आधी खालीच बघावं लागतं.

तुमची गाडी आली तेव्हा फटी सुरेख होत्या, हे खरं आहे. रिव्ह्यूमध्ये तुम्ही ‘आधी बरी होती’ म्हटलंय ते त्यामुळेच. पण त्या फटी पुट्टीने काढलेल्या होत्या. आधी काम केलेल्या गॅरेजने दाराच्या मागच्या कडेला पुट्टीचा जाड थर चढवून, तो घासून फट सरळ ‘दिसेल’ अशी केली होती. ती खरवडली तेव्हा पत्र्यापासून पत्र्यापर्यंतचं अंतर वर बोटभर आणि खाली दार जवळजवळ टेकलेलं निघालं, शिवाय दाराचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, वर उचललेलं. याचे फोटो आणि व्हिडिओ तुम्हाला त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पाठवले होते. कारण खाली होतं: पुढचे दोन्ही आऊटरिगर आतून कुजलेले, पुढचा टब नाकाकडे बसलेला.

आता वॉशरचा हिशोब. दाराचं शेपूट खाली आणायला वरच्या बिजागरीमागे वॉशर टाकला तर मागची फट वर भरते, बरोबर. पण तेवढीच फट दार आणि बॉनेटच्या मधे वाढते, दार पुढच्या खांबाशी तिरकं बसतं, आणि मग बॉनेटही तिरकं लावावं लागतं. फट जात नाही, जागा बदलते. अर्ध्या दिवसात होतं ते हे काम. आम्हालाही येतं, करत नाही.

आम्ही केलं ते असं. आऊटरिगर बदलले. मागचा टब चॅसीवर पक्का केला. दार पुढच्या टबावर टांगलं, पण स्ट्रायकर, म्हणजे ज्यात दाराचं लॉक अडकतं तो मागच्या खांबावरचा तुकडा, न लावता, कारण स्ट्रायकर असला की तो दार उचलून धरतो आणि डोळ्यांना फसवतो. मग पुढच्या टबाखाली पत्रीची पॅकिंग एकेक करून सरकवली. पुढे दोन मिलिमीटरची पत्री गेली की मागे दाराच्या टोकाला लगेच फरक दिसतो. एका बाजूची पॅकिंग वाढवली की दुसऱ्या बाजूचं दार बिघडतं, मग परत तिकडे. छप्पर आवळलं की सगळं पुन्हा थोडं हलतं. हे जुळल्यावर बिजागऱ्यांतून खांबापर्यंत बारीक भोकं मारून ठेवली, म्हणजे रंगासाठी दारं उतरवून परत लावताना ती तिथेच बसावीत. बॉनेट सगळ्यात शेवटी. ते पुढच्या बिजागरीवर वर-खाली आणि मागे-पुढे सरकतं, मागे रबरी शंकूंवर टेकतं आणि दोन्ही बाजूंच्या कॅचने ओढलं जातं. एवढा मोठा पत्रा की डावी बाजू जुळली की उजवी रुसते. आमच्या डेंटरचं निम्मं आयुष्य अशा बॉनेटांत गेलंय आणि तोही या गाडीवर वैतागला होता.

यात बोल्ट फिरवलेच, साहेब. कुठला बोल्ट, किती आणि कुठल्यानंतर, त्याची ती मजुरी आहे.

खालच्या कोपऱ्यात जो फरक राहिलाय तो काढता येतो. त्यासाठी दाराच्या कडेचा पत्रा कापून नव्याने दुमडावा लागेल. तुमच्या गाडीचं ते दार मूळचं, कारखान्यातलं आहे, खालची घडीसुद्धा शाबूत. अशी दारं आता मिळत नाहीत. मी ते न कापण्याचा सल्ला दिला होता आणि आजही तोच देईन. शेजारी उभ्या असलेल्या नव्या हॅचबॅकशी तुलना करू नका. तिच्या फटी रोबोटने बसवलेल्या असतात. या गाडीच्या फटी नवी असतानाही तशा नव्हत्या.

दार आपटावं लागतं ते नव्या रबरामुळे. रबर ताजं असताना कडक असतं आणि दार बाहेर ढकलतं. काही महिन्यांत ते दबतं. आत्ताच स्ट्रायकर बाहेर सरकवला तर दार आज अलगद लागेल, पण रबर दबल्यावर खडखडेल आणि पावसाचं पाणी आत येईल. त्यामुळे थोडी कळ काढा. दार लावताना दुसऱ्या बाजूची काच जरा खाली ठेवा, आतली हवा निघायला वाट मिळते आणि दार सहज लागतं.

वेळेबद्दल: आऊटरिगर कुजलेले निघतील हे अंदाज देताना दिसत नव्हतं, आणि अंदाजपत्रकावर ‘चॅसी उघडल्यानंतरचं काम व वेळ वेगळा’ असं लिहून तुमची सही आहे. रबरं इंग्लंडहून यायची होती. पावसाळ्यात आम्ही रंग मारत नाही.

पैसे परत करण्याची मागणी मान्य नाही. मात्र रबर बसल्यावर, दिवाळीनंतर कधीही गाडी घेऊन या. स्ट्रायकर, बॉनेटचे शंकू आणि कॅच पुन्हा सेट करून देऊ, त्याचे पैसे नाहीत. तोपर्यंत बिजागरीमागे कोणालाही वॉशर घालू देऊ नका. घातला असेल तर येताना सांगा, कारण मग आम्हाला त्या भोकांवरून दार परत जागेवर आणावं लागेल आणि त्या कामाची मजुरी लागेल. त्या गॅरेजवाल्यांनाही सोबत आणायला हरकत नाही. ड्रिल बिट तयार ठेवतो, फरशीवर उभी करून तिघं मिळून मोजू. फक्त आदल्या दिवशी फोन करा. सोमवारी आमची सुट्टी असते.